श्रावणातली चार अंडी

आमच्या आत्या भातातलं तण काढून, बेणणी उरकून घरी येताना बांधावरून घसरल्या. डोक्यावर जनावरांसाठी गवताचा भारा होता. भारा सोडून दिला असता तर निभावलं असतं, पण त्यांनी तो पडतानाही सोडला नाही. उजवा हात खाली सापडला. चिखलातून उठून त्या तशाच घरापर्यंत चालत आल्या, डाव्या हातानं भारा गोठ्यात टाकला आणि मला म्हणाल्या, "हाताचं कायतरी बिनसलंय बघ."

मनगट टम्म फुगलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या रिहे गावात सासूला आत्याच म्हणतात. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती, आणि त्याआधी दवाखान्यात अशा त्या फक्त दोनदा गेलेल्या, दोन्ही वेळा बाळंतपणाला. माझा नवरा रिह्याच्या खोऱ्यातल्या तीन फार्महाउसांची झाडं, पंप आणि कुलपं सांभाळतो. मी पिरंगुटला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. गेटवर मालाची गाडी आली की चलन हातात घ्यायचं, माल मोजायचा, आणि जेवढा मोजला तेवढ्यावरच सही करायची, हे माझं काम. चलनावर शंभर पेट्या लिहिल्यात आणि गाडीत अठ्ठ्याण्णव निघाल्या, तर ड्रायव्हर कितीही हातापाया पडू दे, मी अठ्ठ्याण्णवच लिहिते. अकरा वर्षं हेच केल्यामुळे माझा स्वभावच तसा झालाय असं नवरा म्हणतो. तो हे कौतुकानं म्हणत नाही.

आत्यांना आम्ही रस्त्यावरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. दवाखाना नवा होता, चकाचक फरशी, बाहेर गाड्या लावायला जागा. भूल देऊन हाड बसवलं, कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. डॉक्टरांचा हात चांगला होता, त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती आणि आजही नाही. दोन रात्री ठेवून घेतलं आणि चौदा ऑगस्टला संध्याकाळी म्हणाले, घरी न्या. बिल करणारा माणूस निघून गेला होता, दुसऱ्या दिवशी सुट्टी. काउंटरवरची बाई म्हणाली, "तुमचं डिपॉझिट आहे ना आमच्याकडं? परवा येऊन हिशोब करून जा." आम्ही रिक्षानं आत्यांना घरी आणलं.

सोळा तारखेला कामावर जाताना मी दवाखान्यात उतरले. काउंटरवर एक चष्मेवाला तरुण होता. त्यानं तीन पानांचं बिल माझ्यासमोर सरकवलं. मी उभ्या उभ्या वाचायला लागले, तसा तो म्हणाला, "मॅडम, खाली टोटल आहे."

"टोटल शेवटी बघते," मी म्हटलं.

दुसऱ्या पानावर माझं बोट थांबलं. पंधरा ऑगस्टचं खाटेचं भाडं. सोळा ऑगस्टचंही. दोन्ही दिवसांच्या डॉक्टरांच्या भेटी, नर्सची फी, पंधराला सकाळी अकरा वाजता फिजिओथेरपी, शिवाय रुग्णाचा आहार. सगळं मिळून अकरा हजार चारशे रुपये जादा.

"अहो, आम्ही चौदालाच घरी गेलो," मी सांगितलं.

त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "डिस्चार्ज आज सकाळचा दाखवतंय."

"दाखवत असेल. पण पेशंट दोन दिवस झाले घरी आहे. आत्ता कोंबड्यांना दाणे टाकतीये."

"सिस्टीममध्ये आलंय म्हणजे झालंच असणार ना, मॅडम."

मी त्याच्याशी भांडले नाही. चौदा तारखेपर्यंतचा हिशोब कागदावर मांडला, डिपॉझिट वजा करून राहिलेले पैसे तिथल्या तिथं भरले आणि पावती घेतली. उरलेल्या रकमेबद्दल एक अर्ज लिहिला, की एवढी सेवा आम्हाला मिळालेली नाही, तरी बिल दुरुस्त करून द्यावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर त्याचा शिक्का मागून घेतला. त्यानं शिक्का मारला, पण एक्स-रे आणि डिस्चार्जचा कागद काही दिला नाही. म्हणाला, बाकी क्लिअर झाली की मिळेल.

संध्याकाळी घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "देऊन टाकायचे ना! दवाखान्याशी कुणी वैर घेतं का? उद्या परत जायची वेळ आली तर?"

गंमत म्हणजे आत्याही त्याच्याच बाजूच्या होत्या. "हात तर बसवला न्हवं चांगला? दे की टाकून. डाक्टरला जास्त गेलं तर जाऊ दे."

मला एकटं पडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "बरं, पण कशाकशाचे लावलेत ते तरी ऐका." आणि बिल वाचून दाखवायला लागले. खाट झाली, भेट झाली, नर्स झाली. आत्या मान डोलवत होत्या. मग मी आहाराची ओळ वाचली. "उच्च प्रथिन आहार. दूध, डाळ, उकडलेली अंडी चार."

आत्यांची मान थांबली. "काय उकडलेली?"

"अंडी."

"कुणी खाल्ली?"

"तुम्ही. पंधराला दोन, सोळाला दोन."

त्या ताडकन उठून उभ्या राहिल्या. आमच्या घरी श्रावण कडक असतो. आमच्या कोंबड्यांची अंडीसुद्धा श्रावणात आत्या घरात ठेवत नाहीत, परस्पर फार्महाउसवर देऊन टाकतात. "मी? श्रावणात? घरची अंडी लोकांना खायला घालते आन दवाखान्यात जाऊन मी अंडी हाणते व्हय? कागदावर लिवलंय तसं?"

"छापलंय," मी म्हटलं.

"मग एक पैसा द्यायचा न्हाई," आत्या म्हणाल्या. "पैसं दिलं म्हंजी मी खाल्ली असा अर्थ झाला."

नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, की जणू ती अंडी मीच त्या बिलात घातली होती.

आठ दिवसांनी फोन सुरू झाले. दवाखान्याच्या फॉर्मवर आम्ही दोन नंबर दिले होते, एक माझा, दुसरा आत्यांचा. कामावर माझा फोन लॉकरमध्ये असतो, त्यामुळे दवाखान्याचे फोन जायचे आत्यांच्या साध्या बटणाच्या मोबाइलवर. रोज सकाळी अकराच्या सुमारास. मला याचा पत्ता आठवड्यानं लागला. संध्याकाळी भाकरी थापता थापता मी विचारलं, की दिवसभर काय केलंत, तर आत्या म्हणाल्या, "काय न्हाई. त्या पोरीशी बोलले जरा."

"कुठल्या पोरीशी?"

"दवाखान्यातली. पैसं मागती ती. लई गोड बोलती गं. बीडकडची हाय. हितं बाणेरात खोली घेऊन राहती, तीन पोरी मिळून."

ती वसुलीसाठी ठेवलेली मुलगी होती. दिवसाला किती जणांना फोन करायचे हे तिला ठरवून दिलेलं असणार, आणि त्यातले निम्मे लोक तिला शिव्या देत असणार. आत्यांनी मात्र पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं, "जेवलीस का?" तेव्हापासून ती पैशाचं वाक्य आधी घाईघाईनं म्हणून टाकायची. "आजी, तुमची बाकी अकरा हजार चारशे आहे, लवकरात लवकर भरावी ही विनंती." मग आत्या म्हणायच्या, "न्हाई भरायची. अंडी खाल्ली न्हाईत मी." एवढं झालं की दोघी इतर बोलायला मोकळ्या. तिच्या आईची गुडघेदुखी, तिला बघायला येऊन गेलेलं स्थळ, आमच्या भातावर पडलेला करपा, सगळं त्या फोनवर निघायचं.

नवऱ्याच्या वाट्याला मात्र अशी गोड मुलगी आली नाही. एका संध्याकाळी माझा वाजलेला फोन त्यानं उचलला, तर एका पुरुषानं दरडावून सांगितलं, की पैसे भरले नाहीत तर तुमचं सिबिल खराब करू, जन्मात कर्ज मिळणार नाही. नवऱ्याच्या मनात तेव्हा कर्ज काढून छोटा टेम्पो घ्यायचं चाललं होतं. रोपं, खत, मुरूम सगळं भाड्याच्या गाडीनं आणण्यात त्याची कमाई जायची. त्या फोननं त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. दोन दिवस तो आमटीत बोटं बुडवून बसायचा.

तिसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन पिरंगुटच्या बँकेत गेले. कर्ज बघणारे साहेब आमच्या बोलण्यावर हसले. "दवाखान्याचं बिल तिथं कुठं जातंय? बँकेचे, फायनान्सचे हप्ते चुकवले तर नोंद होते. तुम्ही टेम्पोचं कोटेशन आणा." नवरा बाहेर आला आणि त्यानं समोरच्या गाड्यावर दोन वडापाव खाल्ले. मलाही एक घेतला, हे त्याच्या हिशोबानं माफी मागण्यासारखंच होतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. गिरणीत एक बाई आत्यांना म्हणाली, "तुमी म्हणं दवाखाना बुडवला." आत्यांनी दळण डाव्या काखेत घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मला सांगा, श्रावणात मला अंडी खाताना कुणी बघितलंय का?" गिरणीतलं बोलणं तिथून जे अंड्यावर गेलं ते परत पैशावर आलंच नाही.

इथवर मला मजाच वाटत होती. खरा चटका बसला तो प्लॅस्टर काढायच्या दिवशी.

सहा आठवडे झाले होते. मी रजा टाकली आणि आत्यांना घेऊन त्याच दवाखान्यात गेले. मला वाटलं, पैशाचं पैशापाशी, हात तर डॉक्टरांनीच बसवलाय, ते बघतील. काउंटरवर तोच चष्मेवाला. त्यानं नाव घातलं, स्क्रीनकडं बघितलं आणि आवाज खाली न करताच म्हणाला, "मागची बाकी आहे. आधी ती भरा, मग केसपेपर निघेल."

बाकावर बसलेले दहाबारा लोक आमच्याकडं वळून बघायला लागले. आत्या नवं लुगडं नेसल्या होत्या. मळलेलं प्लॅस्टर पदराखाली झाकलं होतं. फोनवर आणि गिरणीत एवढ्या बोलणाऱ्या आत्या तिथं नुसत्या खाली फरशीकडं बघत राहिल्या. माझे कान तापले. पर्समध्ये कार्ड होतं. अकरा हजार काही आम्हाला जड नव्हते. मी पर्सची चेन उघडलीसुद्धा. त्या क्षणी मला माझ्या चलनाचा, मोजणीचा, सहीचा, सगळ्याचा राग आला होता. माझ्या हट्टापायी म्हातारीचा हात कायमचा अडकून बसला तर?

आत्यांनी डाव्या हातानं माझी पर्स धरली. "चल," त्या म्हणाल्या. "हितं न्हाई तर दुसरीकडं. हात माझा हाय, ह्यांचा न्हाई."

आम्ही पौडला सरकारी दवाखान्यात गेलो. रांग होती, पंखा गरगर आवाज करत होता, पण दीड तासात नंबर लागला. तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "आधीचा एक्स-रे?" मी खरं ते सांगितलं. तिनं भुवया उंचावल्या आणि नवा एक्स-रे काढायला पाठवलं. हाड छान जुळलं होतं. मग ते कापायचं यंत्र घर्र करत सुरू झालं, तेव्हा आत्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा समोर एक बारीक, पांढुरका, कातडी सुटलेला हात होता.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "हा कुणाचा?"

डॉक्टरीण हसली. तिनं बोटं कशी हलवायची ते दाखवलं, मऊ चेंडू दाबायला सांगितला. घरी चेंडू नव्हता. आत्या महिनाभर कणकेचा गोळा दाबत बसायच्या. त्या महिन्यात आमच्या चपात्या फार मऊ झाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रजिस्टरनं वकिलाची नोटीस आली. पंधरा दिवसांत व्याजासह रक्कम भरावी, अन्यथा आमच्या अशिलास न्यायालयात जावे लागेल, त्या खर्चाची जबाबदारी तुमच्यावर राहील. नवऱ्यानं ती दोनदा वाचली आणि घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली. का ठेवली ते त्यालाही सांगता आलं नाही. मला म्हणाला, "आता पुरे. कोर्टाची पायरी आपल्या घरात कुणी चढलेलं नाही." आमचं म्हणणं खरं होतं, पण ते खरं आहे हे सांगणारे आम्हीच. दवाखान्याकडं कॉम्प्युटर होता, आमच्याकडं फक्त तोंड.

पिरंगुटचे कारखाने गुरुवारी बंद असतात. त्या गुरुवारी मी घरी होते. अकराला आत्यांचा फोन वाजला. त्यांनी मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"आजी, नोटीस मिळाली का?" तिचा आवाज पडलेला होता. "मी नाही पाठवली बरं का. वरून गेली."

"तू कशाला पाठवशील बाळा. पर मी सांगते त्ये कुणी ऐकंनाच की. मी त्या दिवशी तितं न्हवतेच."

"मग कुठं होतात आजी?"

"कुटं म्हंजी? झेंड्याच्या दिवशी ग्रामसभा असती. मी ग्रामसभेत होते. चांगली भांडले तितं. पाणंदीत फार्महाउसवाल्यानं तार ठोकलीया, जनावरं न्यायला वाट न्हाई. मी उठून बोलले, समद्या गावानं ऐकलं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आजी, ग्रामसभेत सही घेतात ना? त्याचा कागद मिळेल का? कागद असला ना, तर इथं कुणाला काही बोलता येणार नाही. मी सांगितलं असं सांगू नका हं."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोवर चपला घातल्या होत्या.

आत्या ग्रामसभेला गेल्या होत्या हे मला माहीत होतं, पण तिथल्या रजिस्टरचं मलाच सुचलं नव्हतं. ग्रामसेवक भाऊसाहेब नशिबानं ऑफिसात होते. त्यांनी कपाटातून हजेरीचं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि आमच्यापुढं धरलं. आत्या एरवी सही करतात. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, मोठ्या मोठ्या अक्षरांची, पूर्ण नावाची सही, तिला दोन ओळी लागतात. पण त्या दिवशीच्या पानावर त्यांच्या नावापुढं जांभळ्या शाईचा अंगठा होता आणि शेजारी ग्रामसेवकांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'उजव्या हातास प्लॅस्टर असल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.'

मी ती ओळ तीनदा वाचली. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत इतकी सुंदर नोंद मी पाहिली नव्हती.

"मला तवा लई राग आला होता," आत्या म्हणाल्या. "सही येत असून अंगठा लावायला लावला म्हणून."

इतिवृत्तातही होतं. सभा सकाळी साडेदहाला सुरू झाली, आणि पाणंद रस्त्यावरचं तारेचं कुंपण काढण्याची मागणी आत्यांनी केली, नावानिशी. बिलाप्रमाणे नेमक्या त्याच वेळी दवाखान्यात त्यांची फिजिओथेरपी चालली होती. भाऊसाहेबांनी दोन्ही पानांच्या नकला काढून, शिक्का मारून दिल्या. मला म्हणाले, "आमच्या कागदाचा कुणाला उपयोग झाला असं पहिल्यांदाच ऐकतोय."

मी नोटिशीला उत्तर लिहिलं, नकला जोडल्या, एक प्रत वकिलाला आणि एक दवाखान्याच्या मालकांना पाठवली. पाचव्या दिवशी मालकांचा निरोप आला, भेटायला या.

मालक म्हणजे ज्यांनी हाड बसवलं तेच डॉक्टर. पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. शेजारी त्यांचे मॅनेजर, इस्त्रीच्या शर्टात. आत्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. मी कागद मांडले.

मॅनेजर गोड आवाजात म्हणाले, "आपण वाद वाढवू नये. आम्ही निम्मी सूट देतो. निम्मे भरा, विषय संपला."

"म्हंजी दोन अंडी खाल्ली आन दोन न्हाई?" आत्यांनी विचारलं.

मॅनेजरना काही कळलं नाही. डॉक्टरांनी मान वर केली. "कसली अंडी?"

मग आत्यांनी त्यांना सगळं सांगितलं. श्रावण, कोंबड्या, गिरणी, काउंटरवरची ती सकाळ. पैशाचा शब्दही काढला नाही. काउंटरवर केसपेपर नाकारला हे ऐकल्यावर डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मला न दाखवता परत पाठवलं? माझ्या पेशंटला?" त्यांनी आत्यांचा हात पुढं मागितला, टेबलावर घेऊन मनगट चहूबाजूंनी फिरवून बघितलं. "मूठ वळते पूर्ण? जोर येतोय?" आत्यांनी त्यांचं बोट असं दाबलं की ते आई गं म्हणाले.

मग त्यांनी चष्मेवाल्याला आत बोलावून जुन्या नोंदी काढायला लावल्या. घोळ दहा मिनिटांत सापडला. चौदाला संध्याकाळी आमचा डिस्चार्ज कुणी कॉम्प्युटरमध्ये टाकलाच नव्हता. त्याच रात्री त्या खाटेवर दुसरा पेशंट आला, पायावर लोखंडी प्लेट पडलेला एका कारखान्यातला कामगार, बिहारचा. त्याचं बिल त्याच्या ठेकेदारानं जागच्या जागी मिटवलं, पण त्या खाटेवर जे जे गेलं ते आत्यांच्या नावावर चढत राहिलं. फिजिओथेरपी त्याचीच. आणि अंडीही त्यानंच खाल्ली होती.

"नवं बिल करा," डॉक्टर म्हणाले. "चौदापर्यंतचं. आणि नोटीस मागं घ्यायचं पत्र आजच्या आज द्या." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "चुकलं आमचं."

एवढं सरळ वाक्य ऐकायची मला सवय नव्हती. मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागले, तोवर आत्यांनी विचारलं, "त्यो पोरगा कसा हाय आता?"

"कोण? तो बिहारचा? बरा झाला असेल. नंतर दाखवायला आला नाही."

"हितं कोण होतं त्याचं?"

चष्मेवाला म्हणाला, "कोणी नव्हतं. ठेकेदार सोडून गेला होता. डबा आणणारं नव्हतं, म्हणून दवाखान्यातलंच जेवण चालू होतं."

आत्यांनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली.

"आत्या, हे काय?" मी म्हटलं.

"चार अंड्यांचं. परमुलखात एकटं पडलं होतं लेकरू." आणि डॉक्टरांकडं बोट करून बजावलं, "पर पावती त्याच्या नावावर फाडायची. माझं नाव त्या अंड्याला लावायचं न्हाई."

मॅनेजर म्हणाले राहू द्या, डॉक्टर म्हणाले राहू द्या. आत्या पावती हातात पडल्याशिवाय हलल्या नाहीत. नवं बिल, एक्स-रे, डिस्चार्जचा कागद, सगळं एका पिवळ्या पाकिटात घेऊन आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर येईपर्यंत मी कसंबसं हसू दाबलं होतं. बसस्टॉपवर आत्यांनीच आधी तोंडाला पदर लावला, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की एक बस तशीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. खरं तर आता वाजायचं काही कारण नव्हतं. ती मुलगी म्हणाली, "आजी, तुमची फाइल बंद झाली. म्हटलं कळवावं." आत्या म्हणाल्या, "फाइल बंद झाली म्हंजी तू फोन करायची बंद होणार व्हय?" दिवाळीच्या पुढं भात झोडून झाल्यावर ती खोलीवरच्या दोघींना घेऊन एका रविवारी आली. पैशासाठी फोन करणारी मुलगी म्हणून मी डोळ्यांपुढं कुणी तिखट बाई आणली होती. निघाली ती चवळीच्या शेंगेसारखी, दोन वेण्या घातलेली. आत्यांनी नव्या इंद्रायणीचा भात आणि कोंबडीचा रस्सा केला, आणि जाताना तिघींना पायलीपायली तांदूळ बांधून दिला. बसमध्ये चढताना तिनं सांगितलं, की ते स्थळ तिनं नाकारलं आणि नर्सिंगला नाव घातलंय. आत्यांना दोन्हींचा सारखाच आनंद झाला.

नवऱ्यानं टेम्पो घेतला. पाणंदीतली तार अजून तिथंच आहे. त्यावर आत्यांचं भांडण दर ग्रामसभेत चालू असतं आणि त्या आता सही करतात, दोन ओळींची.

माझ्यामागं मात्र एक काम लागलं. गावात कुणाचं काही दवाखान्याचं निघालं की ते बिल घेऊन माझ्याकडं येतात. गुरुवारी ओट्यावर बसून मी वाचून देते. बहुतेक वेळा एखादी गोळ्यांची पट्टी दोनदा धरलेली असते, एखादी तपासणी न करताच लावलेली असते, आणि काउंटरवर जाऊन नीट विचारलं की ती गुपचूप निघते. परवा वरच्या आळीतले एक काका त्यांच्या मोतीबिंदूचं बिल घेऊन आले. सदऱ्याच्या बाह्या दंडापर्यंत वर केलेल्या, भांडायच्या पूर्ण तयारीत. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा तपासलं.

"काका, हे बरोबर आहे," मी म्हटलं. "भरून टाका."

"समदं बरोबर?"

"सगळं."

त्यांनी बिल हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, मग निराश होऊन बाह्या खाली केल्या. "नीट बघ की गं जरा," ते म्हणाले. "एखादं अंडं तरी असंल कुटंतरी."